चौथ्या ओळीतली आठ अक्षरं

बाई,

गेल्या शनिवारी वर्तकनगरच्या एका शाळेत मराठीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय होता कवितेचं रसग्रहण. तीस वर्षं रसग्रहण शिकवणाऱ्या बाईला रसग्रहण शिकायला बोलावतात, चहा-बिस्किटं देतात, हजेरीच्या कागदावर दोनदा सही घेतात. मी अशा ठिकाणी शेवटचं बाक धरते आणि खुशाल वह्या तपासते. त्या दिवशीही तेच चाललं होतं. समोर चाळिशीची एक शिक्षिका बोलत होती. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे ठरलेले तीन कप्पे पडद्यावर दाखवून झाल्यावर तिने ते यंत्र बंद केलं, खडू घेतला आणि फळ्यावर चार ओळी लिहायला लागली. मी मान वर केली तेव्हा तिची चौथी ओळ चालू होती. ती माझ्या आईची ओवी होती, बाई. आणि चौथ्या ओळीत चाळीस वर्षांपूर्वी मी जिथे जागा मोकळी सोडली होती, तिथेच तिनेही सोडली होती.

पुढचं सांगतेच. पण आधी मागचं सांगायला हवं, कारण ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आता कुठे माझी हिंमत होतेय, म्हणजे बघा.

तुमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करते. शनिवारी शाळा सुटली की ज्यांना वृत्तं जमत नव्हती अशा आम्ही चौघीजणी तुमच्याकडे यायचो. तुम्ही पोळ्या लाटत असायचात. ओट्यासमोर आम्हाला ओळीने उभं करायचात आणि म्हणायला लावायचात, आणि तुमचं लाटणं आमच्या तोंडाबरोबर चालायचं. लघु आला की लाटणं जेमतेम हलायचं, गुरु आला की पोळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. कोणी अक्षर खाल्लं की लाटणं हवेत थांबायचं आणि तुम्ही काही न बोलता आमच्याकडे बघत राहायचात. भुजंगप्रयातात पोळी छान गोल यायची. शार्दूलविक्रीडिताची पोळी मात्र दरवेळी एका बाजूने लांबायची आणि तुम्ही ती आमच्यापैकी जिने चूक केली तिच्या ताटात वाढायचात. मी तशा पुष्कळ खाल्ल्या. आजही कुठल्या कवितेचं वृत्त ओळखायचं झालं तर माझा उजवा हात टेबलावर पुढेमागे व्हायला लागतो, आणि वर्गातल्या मुली हसतात. हसू देत.

गाइडचा तुम्हाला मनस्वी राग होता. 'या कवितेतून कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे' असं वाक्य कुणाच्या वहीत दिसलं की तुम्ही ते संपूर्ण वर्गाला वाचून दाखवायचात आणि विचारायचात की यातला कवी कोण, कविता कोणती, आणि हे वाक्य कुठल्या कवितेला लागू पडणार नाही ते सांगा. तुमचा क्रम ठरलेला. आधी तीनदा मोठ्याने म्हणायचं, मग मोजायचं, आणि भाव सगळ्यात शेवटी लिहायचा. भाव आधी लिहिलास तर तो कवितेचा नसेल, तुझाच असेल, असं म्हणायचात. माझ्या वहीत लाल शाईने तुम्ही एकदा लिहिलं होतं, 'मोजलंस. ऐकलंस का?' तेव्हा मी चिडले होते, कारण सगळे गण बरोबर होते आणि तरी तुम्ही दहापैकी चारच दिले होते. आता तेच वाक्य मी दुसऱ्यांच्या वह्यांत लिहिते. लाल शाईनेच.

नववीत तुम्ही तो अभ्यास दिलात. घरात कुणीतरी गुणगुणतं असं गाणं आणायचं, कुठल्याही पुस्तकात नसलेलं. ते लिहायचं, छंद शोधायचा आणि भाव सांगायचा. वर्गातल्या बऱ्याचजणींकडे आजीची भूपाळी, मंगळागौरीची गाणी असलं काहीतरी होतं. आमच्या ठाकुर्लीच्या चाळीत माझी आई भांडी घासताना एकच ओवी म्हणायची. ती खाडीकाठच्या गावची. लग्न झाल्यावरही काही वर्षं ती मिठागरात कामाला जायची, मी तान्ही असताना मला आगराच्या बांधावर दुपट्यात निजवून. पुढे बाबांना रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली आणि आम्ही चाळीत आलो. मीठ मागे राहिलं, पण आईच्या पायांवरून ते कधी गेलं नाही. टाचा अशा फुटलेल्या, की त्यात रात्री मेण भरलं तरी सकाळी परत उघड्या.

ती ओवी तुम्हाला पाठ होती, तरी पूर्ण लिहिते. निदान एकदा तरी माझ्या हाताने पूर्ण लिहिलेली असू दे.

पहाटेच्या गारव्यात, पाणी आगरात येतं
माझं सोन्याचं गं बाळ, बांधावर झोप घेतं
ऊन तापे डोईवर, मीठ पांढरं गं झालं
भेगाळल्या पायांनी मी, बाळ उचलून नेलं

आई अर्थात अशी म्हणत नसे. तिच्या बोलीत पाण्याचं पानी आणि बाळाचं बाल. ते सगळे ण आणि ळ मी लिहिताना शाळेच्या गणवेशात आणले. तेवढं तुम्ही ओळखलं असणारच. पण चौथ्या ओळीपाशी माझी पेन्सिल अडली. त्याच्या महिनाभर आधी शाळेत पालकसभा झाली होती. हॉलची फरशी नुकतीच पुसलेली म्हणून सगळ्या आयांनी चपला बाहेर काढल्या. माझी आई पहिल्या रांगेत, मांडी घालून नाही, पाय एका बाजूला घेऊन बसली होती. माझ्या मागे उभ्या असलेल्या दोन मुलींपैकी एक दुसरीला म्हणाली, "पाय बघ तिचे." एवढंच म्हणाली. पुढे हसलीसुद्धा नाही. पण मला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि घरी गेल्यावर मी आईशी दोन दिवस धड बोलले नाही. आईला वाटलं परीक्षेचं टेन्शन आहे.

म्हणून मी पाय गाळले. 'भेगाळल्या पायांनी मी' ही आठ अक्षरं वहीत उतरवलीच नाहीत. डावीकडे बोटभर जागा सोडून नुसतं 'बाळ उचलून नेलं' लिहिलं आणि वही दिली.

तुम्ही ती वर्गात वाचलीत तो दिवस मला आत्ता समोर दिसतो. तुम्ही टेबलाला टेकून उभ्या आहात, वही एका हातात, दुसऱ्या हाताची बोटं टेबलावर. पहिली ओळ म्हणता, बोटं आठवर टेकतात, परत आठवर. दुसरी, तिसरी तशीच. वर्गाला ताल कळतो, बाकांखाली पाय हलायला लागतात. चौथ्या ओळीला तुमची बोटं उठतात आणि तोंडातून शब्द येत नाही. बोटं आपली आठ मोजतात, एकटीच. मग तुम्ही हळू म्हणता, बाळ उचलून नेलं. आणि वही मिटता.

मग तुम्ही प्रश्न विचारायला लागलात. चौथ्या ओळीत किती अक्षरं कमी आहेत? आठ. कुठली, आधीची की नंतरची? आधीची. तिथे काय असायला हवं होतं? उचलणारं माणूस. ते कुठे गेलं? तुम्ही म्हणालात की तीन ओळी ही बाई न चुकता आठ-आठ मोजतेय, मीठ पांढरं होईपर्यंत मोजतेय, आणि चौथ्या ओळीत तिचा आवाजच निघत नाही. बाळ कुणी उचललं, का उचललं, ते तिच्या तोंडून येत नाही. कवितेचा भाव छंदाच्या या फटीतून येतो. पहिल्या बाकावरची एकजण डोळे पुसायला लागली. मागच्या बाकावरच्या, पालकसभेतल्या, त्या मुलीने माझ्याकडे वळून बघितलं आणि मान खाली घातली. बाळ गेलं असं समजून सगळ्यांनी वहीत करुण रस लिहिला. आणि ज्या बाळासाठी चाळीस मुली हळहळत होत्या ते बाळ तिसऱ्या बाकावर सुदृढ बसलं होतं, दोन वेण्या घालून.

तुम्ही मला विचारलंत, "हे बाळ कोण गं?"

मी म्हणाले, "माहीत नाही, बाई."

त्यानंतर जे झालं त्याने माझं आयुष्य वळलं, हे मी पुष्कळ समारंभांत बोलून दाखवलं आहे. अभ्यासात बरी असण्याखेरीज मला कुणी ओळखत नव्हतं. त्या तासानंतर ओळखायला लागले. पुढच्या आठवड्यात तुम्ही तुमची छंदांची वही मला दिलीत, तुमच्या हाताने लिहिलेली, कोपऱ्यांना पिठाचे डाग असलेली. म्हणालात, तुझ्याकडे कान आहे. त्या वाक्यावर मी मराठी घेऊन बीए केलं, बीएड केलं, शिक्षिका झाले. शाळा सोडल्यावर ठाकुर्लीच्या फाटकाजवळ माझ्या वर्गातल्या मुली भेटल्या की सांगायच्या, बाई तुझी ओवी दरवर्षी शिकवतात म्हणे. त्या कौतुकाने सांगायच्या आणि मी आतून खजील व्हायचे. इतक्या नेमक्या कानाची बाई, जी एक मात्रा घसरली तर लाटणं थांबवायची, ती माझ्या लपवाछपवीवर दरवर्षी एक आख्खा तास उभा करत होती. मी तुम्हाला सगळ्या वर्गांसमोर मूर्ख बनवत होते आणि तुम्हाला त्याचा पत्ता नव्हता. मुलांना रसग्रहण शिकवताना मला नेहमी हेच आडवं यायचं. मला जे शिकवता येतं ते सगळं त्या खोट्या ओळीतून आलंय, मग ते खरं कसं धरायचं, असं वाटायचं.

सांगायची संधी मिळाली नाही असं नाही. तुम्ही आजारी होतात तेव्हा कल्याणला तुमच्या मुलाकडे मी भेटायला आले होते. तुम्ही खूप वाळला होतात, पण केस नीट विंचरलेले. सूनबाईंनी आणलेला चहा तुम्ही मला आधी दिलात. मग विचारलंत, "आई ओवी म्हणते का अजून?" मी तयारी करून आले होते. येताना रिक्षात मनातल्या मनात सगळं म्हणून पाहिलं होतं. पण म्हणाले काय, तर विसरली ती आता. तुम्ही माझ्याकडे तसंच बघितलंत, लाटणं हवेत धरल्यासारखं. म्हणालात, "ती नाही विसरायची." आणि मग सूनबाईंशी पोह्यांचं काहीतरी बोललात. मी सुटले असं वाटून घरी आले. दोन महिन्यांनी तुम्ही गेल्याचं कळलं.

आता परत वर्तकनगरला येते. त्या शिक्षिकेने चार ओळी लिहिल्या, बोटांनी टेबलावर आठ-आठ मोजत म्हणून दाखवल्या. तुमच्या सगळ्या लकबी होत्या, बाई, बोटं उचलायचीसुद्धा. समोरच्या साठ शिक्षकांनी एका सुरात करुण रस सांगितला. मी वह्यांवर डोकं खुपसून बसले. मग ती म्हणाली की आमच्या बाई इथे पहिला दिवस संपवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर हेच परत लिहून रिकामी जागा भरायच्या. तिने खडू घेतला आणि चौथ्या ओळीच्या आधी लिहिलं, भेगाळल्या पायांनी मी.

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. शेजारच्या सरांनी उचलून दिलं.

ती सांगत होती. ओवी म्हणणाऱ्या बाईंकडे आमच्या बाई स्वतः गेल्या होत्या, पूर्ण ऐकून आल्या होत्या. बाळ मेलेलं नाही, ते आईच्या कडेवर घरी चाललंय. आठ अक्षरं आली आणि करुणाचं वात्सल्य झालं. छंद भरला की भाव बदलतो, हे आम्हाला त्यांनी असं शिकवलं. पण त्या पहिली कविता पुसायच्या नाहीत. म्हणायच्या, ही आईची कविता आणि ती मुलीची कविता. मुलीने आईचे पाय गाळले, तिला लाज वाटली असेल. पण माझीच विद्यार्थिनी ती, आठ खोटी अक्षरं जुळवणं तिला काय अवघड होतं? तिने जुळवली नाहीत, जागा मोकळी ठेवली. म्हणून तिला मार्क दिले. कुणीतरी विचारलं, मग त्या मुलीला त्यांनी सांगितलं का नाही? तर ती शिक्षिका म्हणाली, "आम्ही पण विचारलेलं. बाई म्हणाल्या, मी भरून दिलं तर ते गाइड झालं. ती जागा तिची आहे, ती भरेल."

मग एका तरुण शिक्षकाने विचारलं की ती मुलगी पुढे कोण झाली. ती म्हणाली, माहीत नाही. माझा हात बाकाच्या खालीच राहिला.

घोडबंदर रोडला आमच्या घरी यायला बसला दीड तास लागला. मेट्रोच्या कामाने रस्ता अर्धा खाल्लाय. एका अर्थी बरं झालं, रडायला वेळ मिळाला. आई आता माझ्याकडेच असते, बाराव्या मजल्यावर. लिफ्टला अजून बिचकते, आणि एवढ्या गुळगुळीत फरशीवर चपला कशाला म्हणून अनवाणी फिरते. ती गॅलरीत लसूण सोलत बसली होती. मी विचारलं, माझ्या शाळेतल्या बाई चाळीत आल्या होत्या का कधी.

"आलती ना," आई म्हणाली, जणू कालची गोष्ट. "तू बाबांसंगं दळन आणाया गेलतीस."

तुम्ही पायरीवर बसलात, चहा नको म्हणालात, मग घेतलात. आईला ओवी म्हणायला लावलीत. मग विचारलंत की आठावरच का थांबता, आणि आईने चाळीच्या अंगणात खराट्याची दांडी धरून आगरात लांब दांड्याच्या फळीने मीठ कसं ओढतात ते दाखवलं. ओढताना आठ, फळी परत नेताना आठ. तुम्ही उठून खराटा हातात घेतलात आणि दोन-तीनदा स्वतः ओढून पाहिलात, नऊवारीतल्या शेजारणी हसत होत्या तरी. हे ऐकताना मला तुमचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. आमच्या अंगणात, खराटा घेऊन, बाई. छंद कुठून येतो ते बघायला.

मी आईला विचारलं, बाईंनी माझं काही सांगितलं का. आई लसूण सोलत राहिली. म्हणाली, तुझी वही वाचून दाखवली तिनं. मी बोलली, पाय र्‍हायलं. तर तुझी बाई बोलली, र्‍हाऊ द्या, येतील.

म्हणजे आईलाही माहीत होतं. तेव्हापासून तुम्हा दोघींना माहीत होतं, आणि मी दोघींपासून लपवत होते. आईने त्या दिवशी रात्रीही मला हाक मारून शेजारी जेवायला बसवलं असणार, ताट वाढलं असणार, आणि एक शब्द काढला नाही. मी तिच्या पायांशी बसले आणि म्हटलं, आई, म्हण ना. ती म्हणाली तूच म्हण, मला दम लागतो. मी म्हटली. तीन ओळी नीट आल्या. चौथीला सवयीने थांबले. आईने लसणाची पाकळी खाली ठेवली आणि ती आठ अक्षरं म्हणाली, माझ्याकडे न बघता, आणि पुढची आठ आम्ही दोघींनी म्हटली.

सोमवारी मी नववीच्या वर्गात ओवी फळ्यावर पूर्ण लिहिली. बाळ कोण ते सांगितलं. एका मुलीने विचारलं, मग तुम्ही आधी का नाही लिहिलंत? मी म्हटलं, लाज वाटली. मग त्यांनी आपलं आपलं मोजायला घेतलं. त्या शिक्षिकेलाही फोन करणार आहे. अजून केलेला नाही, पण करेन.

हे पत्र तुमच्या छंदांच्या वहीत ठेवते, भुजंगप्रयाताच्या पानाशी, तिथे पिठाचा डाग सगळ्यात मोठा आहे. फक्त एक राहिलं, बाई. तुम्ही इतक्या मुलींना सांगत आलात की मी खोटी अक्षरं जुळवली नाहीत. मी जुळवली होती. वही द्यायच्या त्या सकाळी, शाळेला निघायच्या आधी, तीन वेगवेगळ्या अर्ध्या ओळी लिहिल्या होत्या, तिन्ही आठ अक्षरांच्या, तिन्ही बिनचूक. एकीत तर पावलांना सोन्याचे पैंजणसुद्धा घातले होते. तिन्ही रबराने खोडल्या. आईला स्मरून खोडल्या असत्या तर किती बरं झालं असतं. खोडल्या त्या तुमच्या भीतीने. तुम्ही मोठ्याने वाचाल आणि पहिल्या अक्षराला ओळखाल, एवढीच भीती होती.